जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचे ॲक्सल: दुरुस्ती की नवे गुणोत्तर?

डिफरन्शियल (ॲक्सलमधली, चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) घरघरते म्हणून थेट क्राउन-पिनियनच (तिच्यातली दातेरी चक्रांची मुख्य जोडी) बदलावे का, असे एका स्नेह्यांनी विचारले. काढलेल्या ऑइलमध्ये केवळ करडी भुकटी असेल आणि दात शाबूत असतील, तर बेअरिंग व सील बदलणे स्वस्त पडते, कारण एकच ॲक्सल उघडावा लागतो. नवे क्राउन-पिनियन घालून गुणोत्तर (या दोन चक्रांच्या दातांचे प्रमाण) बदलायचे तर पुढचा आणि मागचा दोन्ही उघडावे लागतात. दोन्हींचे गुणोत्तर जुळले नाही, तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलना शक्ती वाटणारी पेटी) ताण येतो. टिकाऊपणा मात्र दोन्हीकडे मिस्त्रीच्या हातात. डायल गेज (दातांमधली बारीक फट मोजायचे साधन) न लावता अंदाजाने बसवलेले नवे दातही लवकरच ओरडू लागतात. टायर मूळ मापाचे असतील, तर दुरुस्ती पुरे. २९ इंचीऐवजी ३३ इंची टायर चढवले असतील, तर ४.१० चे गुणोत्तर जेमतेम ३.६० सारखे वागते, म्हणजे ओढ कमी पडते. अशा गाडीने ओझे घेऊन घाट चढायचा असेल, तर नवे क्राउन-पिनियनच घ्यावे.