घरचा हॉट टब: कोणता प्रकार महिन्याला किती खातो?

हॉट टबचा विचार सुरू झाला की आधी किंमत विचारली जाते, मग माणसं किती मावतात आणि जेट, म्हणजे पाण्याचे झोत सोडणारी तोंडं, किती आहेत. महिन्याला खर्च किती येईल, हा प्रश्न बहुधा टब घरी आल्यावर, पहिलं वीजबिल हातात पडल्यावर निघतो. तो आधी निघायला हवा, कारण वेगवेगळ्या टबांमधला मोठा फरक तिथेच पडतो.

पर्याय ढोबळमानाने चार आहेत. हवा भरून उभा करायचा टब. ॲक्रिलिकचा पक्का टब, ज्याच्या कवचात फोम भरलेला असतो. लाकडं जाळून तापवायचा टब. आणि बाथरूममध्ये बसवलेला जेटवाला टब, ज्याला आपण सरसकट जकुझी म्हणतो. शेवटचा टब भरायचा, बसायचं आणि पाणी सोडून द्यायचं. पहिल्या दोन प्रकारांत पाणी महिनोन्‌महिने तेच राहतं आणि दिवसरात्र ३७-३८ अंशांवर ठेवलेलं असतं. म्हणजे तुम्ही आत बसता त्या अर्ध्या तासापेक्षा उरलेल्या साडेतेवीस तासांचं बिल मोठं असतं.

गणित एकच, पण ते स्वतः करा

१००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तर विक्रेत्याच्या कुठल्याही दाव्याची परीक्षा घेता येते.

८०० लिटरचा हवेचा टब २० अंशांवरून ३८ वर न्यायला जवळपास १७ युनिट लागतात, १२०० लिटरच्या पक्क्या टबाला २५. पहिल्यांदा तापवण्याच्या या खर्चाची लोकांना धास्ती असते, पण तो दोन-तीन महिन्यांतून एकदा, पाणी बदललं की येतो. खरा खर्च उष्णतेच्या रोजच्या गळतीचा. समजा बाहेर गारवा आहे, झाकण लावलेलं आहे आणि हीटर बंद आहे. दहा तासांत हवेच्या टबातलं पाणी ६ अंशांनी उतरलं, तर तेवढ्यात साडेपाच युनिट उष्णता गेली. दिवसाला १३, महिन्याला ४०० च्या घरात. पक्क्या टबातलं पाणी तेवढ्याच वेळात दीड अंशाने उतरलं, तर दिवसाला ५ आणि महिन्याला १५०. ही उदाहरणं आहेत. तुमच्याकडची हवा, वारा आणि झाकण यांवर आकडे बदलतील. पण रात्री एकदा आणि सकाळी एकदा तापमान लिहून ठेवलं की तुमचा स्वतःचा आकडा मिळतो. तो युनिटच्या दराने गुणा. पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज वेगळी धरा: १०० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला २.४ युनिट होतात, आणि ही बाब हिशेबातून हमखास सुटते.

हवेचा टब की पक्का टब

हवेच्या टबाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. भिंतीत फक्त हवा, खाली पातळ चटई, वर हलकं झाकण. हीटर साधारण दोन किलोवॉटपर्यंतचा असतो, तो ८०० लिटर पाणी तासाला जेमतेम दोन अंश चढवतो. त्यात बुडबुडे सुरू केले की बाहेरची गार हवा थेट पाण्यात घुसते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्या वेळी हीटर बंद होतो. थंडीत तास-दीड तास बसलात तर पाणी कोमट होत जाताना जाणवतं. पंप-हीटरचा डबा बिघडला की दुरुस्तीपेक्षा अख्खा बदलणंच पदरात पडतं. तरीही भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, किंवा वर्षातले दोन-तीन महिनेच टब मांडून नंतर गुंडाळून ठेवणाऱ्याला तोच योग्य. गुंडाळलेला टब वीज खात नाही.

वर्षभर, आठवड्यातून तीन-चार वेळा बसणार असाल तर मात्र पक्का टब घ्या. त्यात फोम कवचाभोवती पूर्ण भरलेला आहे की नुसता फवारलेला, हे विचारा. बाजूची फळी काढून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता आढेवेढे घेणार नाही. आणि झाकणाकडे जेटपेक्षा जास्त लक्ष द्या. गरम टबातली उष्णता मुख्यतः वरून, वाफेवाटे जाते. १ लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. झाकणाच्या मधल्या शिवणीतून वाफ निसटताना दिसली तर ती तुमच्या मीटरमधूनच चालली आहे. काही वर्षांनी झाकणाच्या आतला फोम पाणी पितो. पूर्वी एका हाताने उचललं जाणारं झाकण दोन्ही हातांनी उचलेना झालं, की ते बदलायची वेळ झाली. झाकणाखाली पाण्यावर तरंगणारी बुडबुड्यांची चादर टाकली तर आणखी फरक पडतो, आणि तिचा खर्च किरकोळ असतो.

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र, लावावा का? सौम्य हवेत तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. गारठा वाढेल तसं हे प्रमाण उतरतं. वर म्हटलेल्या ४०० युनिटांचे १३०-१३५ होतील, तर १५० चे ५०. आकडे मोहात पाडतात, पण मी आधी झाकण आणि फोमवर पैसे घालेन. गळक्या टबाला हीट पंप जोडणं म्हणजे गळतीच स्वस्तात चालू ठेवणं, आणि घट्ट टबात मुळात वाचवायला थोडंच उरतं. मोठा टब, वर्षभराचा वापर आणि महाग वीज असं तिन्ही जुळलं तर हिशेब जमतो.

लाकडाचा टब आणि बाथरूमचा टब

हे दोन्ही वापरला तेव्हाच खर्च या तत्त्वावर चालतात. १५०० लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर न्यायला ३१ युनिटांएवढी उष्णता लागते. सुक्या लाकडात किलोमागे सुमारे ४ युनिट असतात. निम्मी उष्णता धुराड्यातून गेली असं धरलं तर एका वेळेला पंधरा-सोळा किलो लाकूड लागेल. ओलसर लाकूड असेल तर कितीतरी जास्त. शिवाय दोन-चार तास आगीपाशी कुणीतरी हवं, राख काढायला हवी, आणि फिल्टर नसेल तर दर वेळी दीड हजार लिटर पाणी ओतून द्यावं लागतं. पाणी मुबलक आहे आणि लाकूड आवारातलंच आहे, अशांनीच याचा विचार करावा.

बाथरूमच्या टबात २५० लिटर पाणी २० वरून ४० अंशांवर न्यायला जवळपास ६ युनिट लागतात. आठवड्यातून एकदा बसलात तर महिन्याला पंचवीसेक युनिट. याची बरोबरी वरच्या पक्क्या टबाच्या १५० युनिटांशी व्हायला महिन्यात पंचवीसेक वेळा टब भरावा लागेल. एकट्याने अधूनमधून बसायचं असेल तर हा पर्याय विजेत सहज जिंकतो. घरात तिघेचौघे नेमाने बसणारे असतील तर पारडं फिरतं, आणि पाण्याच्या बाबतीत तर पारच उलटतं: पंचवीस वेळा भरला तर महिन्याला सव्वासहा हजार लिटर, तर पक्क्या टबात १२०० लिटर दोन-तीन महिने पुरतात. जेटच्या नळ्या मात्र अधूनमधून आतून साफ कराव्या लागतात. त्यांत साचलेलं पाणी तसंच राहतं.

जिथे काटकसर चालत नाही

पाणी साठवणाऱ्या टबात औषधांचा खर्च अटळ आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शनानुसार हॉट टबात क्लोरिन निदान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग) किंवा ब्रोमिन निदान ४ पीपीएम हवं, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७ ते ७.८ च्या दरम्यान. लिजिओनेला हा जिवाणू २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात जोमाने वाढतो, म्हणजे आपल्याला सुखाचं वाटतं तेच तापमान त्यालाही मानवतं. टबाच्या वाफेतून, तुषारांतून तो फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून चाचणीच्या पट्ट्या, जंतुनाशक आणि फिल्टर यांत हात आखडू नका. कमी करायचंच असेल तर टबात उतरण्याआधी प्रत्येकाने साध्या पाण्याने आंघोळ करावी. घाम, तेल आणि लोशन जितकं कमी जाईल तितकं क्लोरिन कमी लागतं आणि फिल्टर जास्त टिकतो.

टब वापरात नसताना तापमान उतरवावं का, यावर बरेच वाद होतात. पाणी जितकं गार तितकी गळती कमी, त्यामुळे बचत होतेच. फक्त पक्क्या टबात एका रात्रीची बचत नगण्य असते. आठवडाभर कुणी बसणार नसेल तर जरूर उतरवा, पण पंप आणि जंतुनाशक चालू ठेवून. बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर टब बंद करू नका. फुटलेल्या नळ्यांची दुरुस्ती वर्षभराच्या बचतीला गिळते. रोजच्या वापरात कमाल तापमानाचा मोह आवरला तरी पुरे: बाहेर १८ अंश असताना ३८ ऐवजी ४० ठेवलं तर गळती निदान दहा टक्क्यांनी वाढते.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून स्टँडबायचा, म्हणजे कुणी बसलेलं नसताना पाणी नुसतं गरम ठेवायला लागणाऱ्या विजेचा, आकडा वॉटमध्ये मागा. कॅलिफोर्नियात या आकड्यावर कायद्याने मर्यादा आहे, त्यामुळे तिथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी तो मोजलेला असतो. २०० वॉट म्हणजे दिवसाला ४.८ युनिट. सोबत तो किती तापमानाच्या हवेत मोजला तेही विचारा. तुमच्याकडे त्याहून थंडी असेल तर आकडा वाढवून धरा. जुना टब घेत असाल तर आदल्या रात्री हीटर बंद करून ठेवायला सांगा आणि सकाळी थर्मामीटर घेऊन जा.