एलियन की द थिंग : क्लबसाठी कोणता लावावा?

लातूर-नांदेडच्या कॉलेजातल्या फिल्म क्लबला या दोन परग्रही राक्षसांच्या भयपटांपैकी एकच दाखवायचा असेल, तर आमचं मत ‘एलियन’ला (१९७९). अंतराळजहाजावर ७ जण, त्यांत दोन स्त्रिया. पटकथेतच पात्रं स्त्री-पुरुष कुणीही करावीत अशी लिहिली होती. म्हणून नायिका रिप्ली संसर्ग टाळण्याच्या नियमावर बोट ठेवून बाहेरून परतलेल्या सहकाऱ्यांना दार उघडायला नकार देते, तेव्हा तिचं बाईपण कुणी मध्ये आणत नाही. कृष्णवर्णीय पार्कर यंत्रं सांभाळतो आणि बोनसचा वाटा कमी का, हे सुरुवातीच्या जेवणातच विचारतो. बीडच्या ऊसतोड घरातल्या पोरांना हा उचलीसारखा हिशेब समजावावा लागणार नाही. खटकतं ते वेगळंच : राक्षसाच्या पोशाखात नायजेरियाचे बोलाजी बडेजो होते, आणि त्यांचा चेहरा कुठेच दिसत नाही.

‘द थिंग’मध्ये (१९८२) अंटार्क्टिकाच्या तळावर १२ पुरुष, आणि त्यांच्यातल्या कुणाचंही रूप घेणारा परग्रही जीव. स्त्री पात्र नाहीच. बुद्धिबळाच्या संगणकाला तेवढा बाईचा आवाज, तोही नायक मॅक्रेडी दारू ओतून बंद पाडतो. मात्र कृष्णवर्णीय चाइल्ड्स शेवटच्या प्रसंगापर्यंत टिकतो, आणि त्या काळात ते फार दुर्मीळ होतं. हा लावलात तर खरा माणूस कोण हे शोधणाऱ्या रक्तचाचणीच्या प्रसंगानंतर थांबवा : कोणावर कोण आधी संशय घेतो, हे विचारा.