मुंबई बंदरातली जहाजं बघायची तर कुठून? घारापुरीची बोट, मोऱ्याची लाँच की रो-रो

एकच रविवार मोकळा आहे, मुलाला किंवा स्वतःलाच मुंबई बंदरातली जहाजं जवळून दाखवायचीत, तर नेमकं कुठं जायचं हा प्रश्न मला बरेचदा विचारतात. तिन्ही वाऱ्या मी बऱ्याच वेळा केल्यात, म्हणून सरळ सांगतो. नुसती जहाजं नाही तर काम करणारी जहाजं बघायची असतील तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणजवळच्या मोरा बंदराला जाणारी लाँच पकडा, बाकीच्या दोन्ही चांगल्या आहेत पण त्यांची कारणं वेगळी.

आधी गेटवेवरून घारापुरी. ही सगळ्यात सोपी, तासाभराचा प्रवास, आणि वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्याच, कारण खाली बसून अर्ध्या वेळेला फक्त समोरच्याचं डोकं दिसतं. हिचा खरा फायदा म्हणजे वाटेत जवाहर द्वीप दिसतं, जिथं तेलाचे टँकर लागतात. टँकर भरलेला आहे की रिकामा हे लांबूनसुद्धा कळतं, भरलेला पाण्यात खोल बसलेला असतो आणि रिकामा झाला की खालचा लाल रंग वर येतो आणि पुढचा तो फुगीर गोळा अर्धा पाण्याबाहेर दिसतो. घारापुरीला उतरलात तर लेणी बघाच, पण नंतर वर तोफांच्या टेकडीपर्यंत चढा, तिथून न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात, १९८९ मध्ये सुरू झालेलं ते बंदर एवढ्या उंचीवरून एका नजरेत मावतं. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. आणि लाइफजॅकेट दिलं की उकाडा असला तरी घाला, डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर झालेला अपघात विसरण्यासारखा नाही.

आता रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी फेरीबोट. भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाते, २०२० पासून सुरू आहे, आणि गाडीसकट जाता येतं. मोठी बोट असल्यामुळे हलते कमी, घरात वयस्कर माणसं किंवा अगदी लहान मूल असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. तुम्ही उंचावर उभे असता त्यामुळे नांगरलेली जहाजं वरून दिसतात, दुर्बीण हातात स्थिर राहते. पण उंचावर असण्याचा तोटा पण तोच, मोठं जहाज किती मोठं आहे हे तिथून अंगावर येत नाही. आणि तिकीट लाँचपेक्षा बरंच जास्त.

मोऱ्याची लाँच म्हणजे उरणच्या लोकांची रोजची एसटीच समजा. भाजीच्या पिशव्या, कामावर जाणारी माणसं, डिझेलचा वास, बसायला लाकडी बाक. ही लाँच न्हावा-शेवाला जाणाऱ्या जहाजांच्या वाटेच्या अगदी जवळ जाते. एकदा आमच्या तांडेलनं, म्हणजे लाँच चालवणाऱ्यानं, मध्येच इंजिन मंद केलं, मला कळेना काय झालं, तर समोरून एक कंटेनर जहाज आत चाललेलं, मागे एक टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी छोटी दणकट बोट, दोर बांधून आणि दुसरा बाजूला चिकटून, आणि मास्टवर अर्धा पांढरा अर्धा लाल झेंडा, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट जहाजावर आहे. एवढ्या मोठ्या लोखंडाच्या भिंतीसमोर तो टग एखाद्या डबीएवढा दिसत होता, पण दोर ताणला की पाणी टगच्या मागे उकळल्यासारखं व्हायचं आणि जहाजाची पिछाडी हळूहळू वळायची. जहाज पुढे गेल्यावर मागे नाव आणि त्याखाली मोनरोव्हिया, म्हणजे जहाजाची नोंदणी जिथली ते लायबेरियातलं बंदर, लिहिलेलं वाचता आलं. त्याच्या लाटा आमच्यापर्यंत यायला मिनिटभर लागला, मग लाँच चांगलीच डोलली आणि एका मावशींनी पाटी दोन्ही पायांत धरून ठेवली. हे रो-रोवरून नाही मिळत.

शिवाय लाँचसाठी आलात तर पहाटे लवकर या, धक्क्यावर मासळी उतरताना ट्रॉलर एकमेकांना चिकटून लागलेले असतात, बर्फाच्या लाद्या, लिलाव, ओरडा. हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोडवरून जवळ पडतं. फक्त १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा हे दृश्य नसतं.

मोऱ्याची एक मोठी अडचण आहे ती म्हणजे गाळ. मोठ्या ओहोटीला लाँच जेटीला लागतच नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईत दुपारी बाराच्या पुढेमागे भरती असते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तळाची ओहोटी, त्यामुळे संध्याकाळची परतीची लाँच धरणार असाल तर अडकाल. मी अडकलोय, दोन तास जेटीवर बसून काढले. भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटीत फरक कमी असतो ते, निवडा नाहीतर दुपारीच परत फिरा.

तिन्हीकडे एक गोष्ट बघाच. नांगरलेल्या जहाजांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सहसा एकाच दिशेला असते, भरती आत येत असली की समुद्राकडे, ओहोटी लागली की उलट. पाणी फिरायच्या वेळी तुम्ही मध्ये असलात तर सगळी जहाजं सावकाश, एकामागून एक, जागच्या जागी वळताना दिसतात.

दुर्बीण लाँचवर ७×५०, म्हणजे सात पटीची, पुरे, १० पटीची तिथं इतकी थरथरते की काही वाचता येत नाही, ती रो-रोसाठी ठेवा. मोबाइलवर मरीनट्रॅफिक हे जहाजं दाखवणारं अ‍ॅप असेल तर नावं लगेच कळतात, पण नौदलाच्या बोटी त्यात शोधू नका, आणि त्यांचे किंवा माझगाव डॉकचे फोटोही काढू नका. अटल सेतूवरून बघू असं काही जण म्हणतात, पण तिथं गाडी थांबवायला बंदी आहे, सोडून द्या.

पावसाळ्यात जायचं ठरलं तर निवड सोपी आहे, गेटवेहून मांडव्याच्या छोट्या बोटी तेव्हा बंद असतात, लाँच हवेवर अवलंबून, त्यामुळे रो-रोच.