वाक्प्रचारांची पुस्तिका: अर्थ बरे, जन्मकथा कच्च्या

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी वाक्प्रचारांच्या स्वस्त पुस्तिकांची चळत असते. त्यांतलीच ही एक: ९६ पानं, १२० रुपये. प्रत्येक पानावर तीन रकाने: वाक्प्रचार, मराठी अर्थ आणि ‘उगम’.

पैसे वसूल होतात ते मधल्या रकान्यात. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ला ‘कानाडोळा करणे’ चपखल बसलंय. ‘स्पिल द बीन्स’ला मात्र ‘बिंग फोडणे’ दिलंय. बिंग लबाडाचं फुटतं. वाढदिवसाचा गुपचूप ठरलेला बेत कुणी बोलून गेला, तर ते गुपित फोडणं. ‘बीट अराउंड द बुश’समोर ‘आढेवेढे घेणे’ तर सरळ चूक. आढेवेढे घेणारा काम करायला कां-कूं करतो, इथे माणूस मुद्द्यावर यायचं टाळतो. पर्यायांत हे दोन्ही अर्थ आले की मार्क गेलाच.

सगळ्यात मोठा घोळ ‘बाइट द बुलेट’चा. अर्थ दिलाय ‘दातओठ खाणे’, म्हणजे दात पाहिले आणि राग धरला! खरा अर्थ, टळणार नाही ते कष्टाचं काम मन घट्ट करून अंगावर घेणं. ‘मनावर दगड ठेवणे’ त्याच्या बरंच जवळ जातं. उगमाच्या रकान्यात १८५७ची काडतुसं आहेत: शिपायांना चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडावी लागली, त्यावरून हा शब्दप्रयोग आला म्हणे. काडतुसांचा इतिहास खरा, पण हे नातं जुळत नाही. फ्रान्सिस ग्रोसच्या बोलीभाषेच्या कोशाच्या १७९६च्या आवृत्तीत फटक्यांची शिक्षा भोगताना ओरडू नये म्हणून गोळी चावणारे सैनिक आहेत, म्हणजे बंडाच्या ६१ वर्षं आधी. शिवाय दातांनी फाडायचा तो काडतुसाचा कागद, आणि ती रीतही १८५७ची नवी नव्हे. इथल्याच सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७मध्ये लढलेले कंपनीचे शिपाई तेच करत होते. आज वापरतात तो अर्थ इंग्रज लेखक किपलिंगच्या १८९१च्या कादंबरीत स्पष्ट दिसतो.

परीक्षेत उगम विचारत नाहीत, मग काय बिघडलं? बिघडतं, कारण पोरं गोष्टीवरूनच अर्थ लक्षात ठेवतात. काडतुसाची गोष्ट डोक्यात बसली की ‘बंड करणे’ हा पर्याय बरोबर वाटायला लागतो.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’साठी (मुसळधार पाऊस पडणे) गवताच्या छपरावरून घसरणारी कुत्री-मांजरं आहेत. ही गोष्ट १९९९च्या सुमाराला ईमेलमधून जगभर फिरली. पावसात आडोसा शोधणारं जनावर छपराच्या वर कशाला जाऊन बसेल? छापील नोंदी सतराव्या शतकापासूनच्या आहेत, पण कुत्री-मांजरंच का, याचं पक्कं उत्तर नाही. तिथे रकाना कोरा सोडला असता तरी चाललं असतं.

कोरा सोडलाय तो नेमका ‘ॲपल्स अँड ऑरेंजेस’चा, म्हणजे मुळात वेगळ्या गोष्टींची तुलना करण्याचा. संत्र्यांच्या गावात! आणि सांगण्यासारखं तिथेच होतं: संत्र्याच्या जागी आधी कालव (ऑयस्टर, शिंपल्यातला जीव) होतं. जॉन रेच्या १६७०च्या म्हणीसंग्रहात सफरचंदाची जोडी कालवाशीच लावलीय.

वापरायची तर उजवा रकाना कागदाने झाकून वापरा. चांगल्या कोशातलं त्या वाक्प्रचाराचं एक वाक्य घ्या आणि त्यात मधल्या रकान्यातला मराठी वाक्प्रचार टाकून बघा. खटकला तर पुस्तिकेचा अर्थ चुकलाय. उगम हवाच असेल तर चांगल्या कोशात पहिल्या लेखी नोंदीचं साल पाहा. गोष्टीतली घटना त्या सालानंतरची निघाली की गोष्ट बाद.

अनुक्रमणिका नाही, नोंदीही अकारविल्हे नाहीत, त्यामुळे उजळणीला पानांवर चिकटपट्ट्या लावाव्या लागतात. बांधणी सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांची, नुसती गोंदाने चिकटवलेली. काही प्रतींत एखादा फॉर्मा मागेपुढे लागलाय, तेव्हा पैसे देण्याआधी १६, ३२, ४८, ६४ आणि ८०नंतर लगेच पुढचाच आकडा येतो का, तेवढं उघडून बघा.