रात्रीसाठी हलकं विमान: आहे त्यावर दिवे चढवावेत, की सज्जच घ्यावं?

दोन आसनांचं, ६०० किलोपर्यंतचं लाइट स्पोर्ट विमान तिघाचौघांत मिळून घ्यावं, असा बेत पुण्यात अधूनमधून कुणीतरी आखतंच. मग प्रश्न येतो: रात्री उडवता येईल का? वाटा दोन दिसतात. दिवसापुरतं असलेलं जुनं विमान स्वस्तात घेऊन त्यावर दिवे चढवायचे, किंवा कारखान्यातूनच रात्रीसाठी सज्ज होऊन आलेलं घ्यायचं. माझं झुकतं माप दुसऱ्या वाटेकडे आहे.

आधी इथलं सांगतो. भारतात सूर्यास्तानंतर व्हीएफआर उड्डाण (बाहेर डोळ्यांनी बघत केलेलं) एरवी बंदच असतं. एटीसीनं (हवाई वाहतूक नियंत्रणानं) मुभा दिली तर स्थानिक उड्डाणं आणि फ्लाइंग क्लबांची प्रशिक्षणाची उड्डाणं तेवढी होतात. मायक्रोलाइटला, म्हणजे याहूनही हलक्या विमानाला, तर रात्र वर्ज्यच. त्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ, तिथून जेवण झाल्यावर एक चक्कर मारून येऊ, असं होत नाही. त्यामुळे या तुलनेचा खरा उपयोग अमेरिकेत उडणाऱ्या पुणेकरांना. तिथे २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटलाही (अशी हलकी विमानं उडवण्याचा सोपा परवाना असलेल्याला) रात्र खुली झाली आहे. रात्रीचं प्रशिक्षण, इन्स्ट्रक्टरची सही आणि बेसिकमेड (वैद्यकीय तपासणीचा सोपा पर्याय) किंवा वैमानिकाचं मेडिकल सर्टिफिकेट एवढं मात्र लागतं. पायलटला परवानगी मिळाली म्हणून विमानाला मिळत नाही. त्याच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्येही, म्हणजे ते कसं-कधी उडवता येईल हे सांगणाऱ्या कागदातही, रात्र असावी लागते.

दिव्यांची यादी छोटी आहे. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, शेपटीकडे पांढरा; सोबत अँटी-कोलिजन लाइट (टक्कर टाळण्यासाठी लुकलुकणारा दिवा), पुरेशी वीज आणि सुटे फ्यूज. लँडिंग लाइट अमेरिकेत फक्त भाड्यानं चालणाऱ्या विमानाला सक्तीचा आहे. (तरी तो नसलेल्या विमानात मी रात्री बसणार नाही.) आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) यादी जास्त कडक: लँडिंग लाइट, उपकरणांवर उजेड, प्रत्येक वैमानिकाजवळ टॉर्च, शिवाय आर्टिफिशियल होरायझन (कृत्रिम क्षितिज) आणि हीटेड पिटो (वेग मोजणारी, तापवता येणारी नळी) यांसारखी आयएफआरची, म्हणजे फक्त उपकरणांच्या भरवशावर उडण्याची, उपकरणं. पुण्याच्या आकाशात ही कडकाई पटते. हडपसरहून सोलापूर रस्त्याच्या दिव्यांची रांग लांबवर सोबत करते, पण खडकवासल्याच्या पश्चिमेला पानशेत-मुळशीकडे खाली पाणी काळं, डोंगर काळे आणि क्षितिज गायब.

आता वीज. बरीचशी हलकी विमानं रोटॅक्स ९१२ यूएलएस या इंजिनावर उडतात. त्याचा जनरेटर पूर्ण फिरतीला सुमारे २५० वॅट, म्हणजे १८ अँपिअरच्या आसपास देतो. जुना १०० वॅटचा लँडिंग लाइट एकटाच त्यातले सात-आठ खातो. त्यावर स्ट्रोब (लखलखणारे दिवे), पंख-शेपटीचे पोझिशन लाइट, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला ओळख सांगणारं यंत्र) आणि स्क्रीन. एलईडी घेतले तर भार बराच उतरतो. म्हणून दिवे चढवायचेच असतील तर एलईडीच घ्या. पण खरी गोम फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोर उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यावर, आहे. तिथे थ्रॉटल मागे आणि आरपीएम कमी, त्यामुळे वीज घटते, आणि नेमके तेव्हाच सगळे दिवे लागलेले असतात. तूट बॅटरी भरून काढते, आणि या विमानांत बॅटरी लहानच असते. रोटॅक्सची पुस्तिकाही सांगते, की रात्रीसाठी पुरेशी वीज नसेल तर हे इंजिन दिवसापुरतंच समजा.

नव्या, रात्रीसाठी सज्ज विमानांत रोटॅक्सचंच ९१२ आयएस इंजिन असू शकतं. त्यात दोन जनरेटर असतात, म्हणून ते निर्धोक वाटतं. पण इंधनाचे पंप आणि इंजेक्शन विजेवर चालतात. इंजिनाकडचा जनरेटर गेला तर दुसरा इंजिनाच्या कामाला लागतो आणि दिवे, स्क्रीन सगळं बॅटरीवर येतं. यूएलएसचं इग्निशन स्वतःच्या कॉइलवर चालतं, त्यामुळे विमानातली वीज पूर्ण गेली तरी इंजिन फिरत राहतं. या एका मुद्द्यावर जुनं इंजिन सरस. तरीही कारखान्यात भाराचा हिशोब आधी केलेला असतो. तुमच्या गॅरेजमध्ये तो तुम्हाला करायचा आहे.

कागदांत पहिली वाट आणखी मागे पडते. अमेरिकेत एस-एलएसएमध्ये, म्हणजे कारखान्यातून तयार आलेल्या लाइट स्पोर्ट विमानात, कुठलाही बदल सहसा निर्मात्याच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि निर्माता कंपनी बंद पडलेली असेल तर संमती मागायची कुणाकडे? मग विमान ई-एलएसए या प्रायोगिक वर्गात नेतात. हात मोकळे होतात, पण ते भाड्यानं देता येत नाही. खर्च वाटून घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

कॉकपिटकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. दिवसा सुंदर दिसणाऱ्या बबल कॅनॉपीत (फुगीर पारदर्शक छतात) रात्री स्क्रीनचं प्रतिबिंब पडतं. स्क्रीन अगदी मंद करता येते का, आणि स्विचांवरची अक्षरं अंधारात वाचता येतात का, हे रात्री हँगरचे दिवे बंद करून बघा.

आणि सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) रात्रीचे पाच तास, दहा टेकऑफ-लँडिंग एवढंच हवं असेल तर या दोन्ही वाटा सोडा. प्रशिक्षण संस्थेच्या सेसना १५२ किंवा १७२ वर ते उरकून घ्या.

जुनं विमान बघायला गेलात तर इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी फिरतीवर) ठेवायला सांगा, सगळे दिवे आणि रेडिओ लावा आणि व्होल्टमीटर बघा. काटा १३ च्या खाली घसरला तर बॅटरी रिकामी होते आहे. नवा रेग्युलेटर, नवी बॅटरी आणि एलईडींचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.