गॅबापेंटिन की प्रीगॅबालिन? कंबरेच्या नसदुखीसाठी एक तुलना

कंबरेतून निघून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या जुनाट कळेसाठी डॉक्टरांनी या दोन औषधांचे पर्याय समोर ठेवले असतील, तर दोन्ही घेऊन पाहिलेल्या रुग्णाचे म्हणणे थोडेफार उपयोगी पडावे. औषधे एकाच घराण्यातली आहेत. गुंगी, घेरी, पायांवरची सूज आणि वजनवाढ हे उपद्रव दोन्हींत आढळतात, आणि दोन्ही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले असल्यास मात्रा कमी करावी लागते.

दुखण्याच्या बाबतीत मला दोहोंत मोठा फरक जाणवला नाही. रात्री पायात उठणारी चमक दोन्हींनी बोथट केली. कंबरेचा जडपणा मात्र कोणीच हलवला नाही.

निर्णय झाला तो दुपारच्या कॅप्सूलमुळे. गॅबापेंटिन दिवसातून तीनदा घ्यावे लागते आणि आतडे ते एका मर्यादेपलीकडे शोषत नाही: दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतल्यास सुमारे ६० टक्के रक्तात पोहोचते, २४०० घेतल्यास ३४ टक्केच. शिवाय अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या पित्तशामकाने ते शोषण आणखी घटते, म्हणून मध्ये दोन तासांचे अंतर ठेवण्यास सांगतात. बडोद्यात रावपुऱ्याच्या आसपास नोकरी करणाऱ्या आणि दुपारी सेव-उसळीचा मोह न आवरणाऱ्या माणसाने हे अंतर पाळायचे कसे? पित्ताचे औषध घेतले की कॅप्सूल लांबे, आणि लांबलेल्या कॅप्सूलची गुंगी नेमकी हिशेबाच्या वह्या समोर असताना येई. प्रीगॅबालिन सकाळ-रात्र घेतले की दुपार मोकळी राहते, आणि त्याचे शोषण ९० टक्क्यांच्या आसपास असून मात्रा वाढवल्यावरही टिकते. संध्याकाळी घोट्यांवर थोडी सूज दिसते. ती मी चालवून घेतो, परंतु हृदयविकार असलेल्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियात सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी हीच नसेची कळ, असलेल्या २०९ जणांवर झालेल्या चाचणीत प्रीगॅबालिन औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२० मध्ये सायटिकासाठी ही दोन्ही औषधे देऊ नयेत असे सुचवले. मधुमेहाने दुखावलेल्या नसांसाठी मात्र प्रीगॅबालिनच्या बाजूने अधिक भक्कम पुरावा आहे, आणि मला मधुमेहही असल्यामुळे माझा अनुभव केवळ मणक्यातील चकतीने नस दबलेल्यांना जसाच्या तसा लागू होईल, असे मी म्हणणार नाही.

घरीच असणाऱ्या, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आणि पित्ताचा त्रास नसलेल्या व्यक्तीला गॅबापेंटिन बहुधा सोयीचे पडेल. दिवसभर कामावर असणाऱ्याने मात्र डॉक्टरांकडे प्रीगॅबालिनचा विषय आधी काढावा, असे मला वाटते. आज एक औषध चालू असेल, तर बदल त्यांच्याच देखरेखीखाली करावा. दोहोंपैकी कोणतेही एकदम बंद करता येत नाही, ते निदान आठवडाभरात उतरवत आणावे लागते.