सात महिने वेट फूड, शंभरावर डबे आणि अकरा तुटलेल्या रिंगा

आज सकाळी डब्याचं झाकण ओढायची अकरावी रिंग तुटून हातात आली, म्हणून लिहायला बसले. झाकण जागच्या जागी, रिंग माझ्या बोटात अंगठीसारखी आणि आमची कुत्री चिंगी पायाशी बसून लाळ गाळतेय. कॅन ओपनर शोधला, तर या डब्याची कड त्याच्या चाकात धरतच नाही. शेवटी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून पत्रा उचकटला. अंगठा कापला तो कापलाच.

चिंगी अकरा वर्षांची, 14 किलोची. जन्मभर कोरड्या दाण्यांवर वाढली आणि पाण्याच्या भांड्याकडे कायम पाठ. वर्षभरापूर्वी लघवीत खडे निघाले. उपचार झाले, पण डॉक्टर म्हणाले, लघवी पातळ राहायला हवी, हिच्या पोटात पाणी जाऊ द्या. भांडी बदलली, जागा बदलल्या, बाई ढिम्म. मग वेट फूड, म्हणजे डब्यातलं ओलं खाणं, सुचवलं गेलं.

मी डब्यावरचा मजकूर वाचला आणि चिडलेच. ओलावा 78 टक्के! म्हणजे 400 ग्रॅमच्या डब्यात 312 ग्रॅम पाणी. पाणी नळाला येतं, ते डब्यात भरून विकत का घ्यायचं? वर प्रोटीन फक्त 9 टक्के, आमच्या दाण्यांत 24. पहिला महिना मी हे सगळ्यांना ऐकवत होते.

ते माझं चुकलं. पाणी वजा करून हिशोब मांडायचा असतो. डब्यातल्या 22 भाग कोरड्या ऐवजात 9 भाग प्रोटीन, म्हणजे जवळपास 41 टक्के. दाण्यांत ओलावा 10 टक्के धरला, तर 24 चे होतात 27. लेबलवर हरलेला डबा प्रत्यक्षात पुढे निघाला. तरी खिशाचं दुखणं राहतंच, कारण कॅलरी पाण्यात नसतात. आमच्या डब्यात 100 ग्रॅममागे साधारण 100 कॅलरी, दाण्यांत साडेतीनशेच्या वर. नुसत्या वेट फूडवर ठेवायची तर रोज पावणेदोन डबे लागतील. ते मला झेपणारं नाही.

म्हणून अर्धा डबा, बाकी दाणे, आणि दाणे तेवढ्या कॅलरींनी कमी. हे शेवटचं पहिल्या दोन महिन्यांत विसरले होते, बाईंचं वजन दीड किलोने वाढलं. घाईही केली होती: दुसऱ्याच दिवशी अर्धा डबा वाढला आणि रात्रभर जुलाब निस्तरले. नवं खाणं सात ते दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्यायचं असतं.

फायदा कुठे दिसला? लघवीत. आधी गडद पिवळी, उग्र वासाची. आता फिकी, आणि दिवसातून दोनदा जास्त बाहेर न्यावं लागतं. सात महिन्यांत दोन तपासण्या झाल्या, खडे नाहीत. श्रेय सगळं डब्याचं नाही, औषधंही होतीच. आणि खड्यांच्या जातीप्रमाणे आहार बदलतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. शिवाय मागचे दोन दात काढल्यावर ती कोरडे दाणे चिवडत बसायची, आता भांडं चाटून पुसून ठेवते. दाण्यांनी दात साफ होतात ही माझी जुनी समजूत होती, तर हे दात दाणे खाऊनच गेले. ब्रश तेव्हाही लागत होता, आताही लागतो.

उरलेला अर्धा डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवते, दुसऱ्या दिवशी संपतो. थंडगार दिला तर ती हुंगून निघून जाते. कोमट पाणी घालून कालवला की वास सुटतो आणि शेपटी हलते. रिकामा डबाही मी विसळून तेच पाणी तिच्या भांड्यात ओतते. पैसे मोजलेत, तळाला चिकटलेलं कचऱ्यात का जाऊ द्यायचं? आणि तिच्या पोटात तेवढंच आणखी पाणी. घेताना लेबलवर ‘संपूर्ण आहार’ लिहिलंय ना ते बघा. काही डबे नुसते तोंडी लावण्यापुरते असतात, त्यावर रोजचं पोट भरत नाही.

आता परत रिंग. पाचव्या महिन्यापासून झाकण पातळ केलंय की रिंगेचा जोड कच्चा केलाय, देव जाणे. आधीच्या साठेक डब्यांत एकच तुटली, नंतरच्या पंचेचाळिसांत दहा. चमच्याच्या दांड्याने हळूहळू उचलून बघितलं, उलट दिशेने वाकवून बघितलं. आतल्या मालाला मी पाचपैकी साडेचार देईन, डब्याला एकही नाही. पाऊचवर जावं म्हटलं, तर तेवढ्याच वजनाला महाग, आणि कोपऱ्यात अडकलेलं चमच्यानेही निघत नाही.

कंपनीला तीनदा लिहिलं. दोनदा ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ आलं. आज तिसऱ्यांदा उत्तर आलंय: बॅच नंबरचा फोटो पाठवा. तो नंबर झाकणावर छापलेला असतो, बरोबर जिथे मी स्क्रूड्रायव्हर खुपसला तिथे.